युद्धकैद्याले पगार भेटते का? अन् सुटून आलेल्या जवानाचं कोर्ट मार्शल होते का? (पैज लागली हाय)

वावरातला_बंड्या (आर्वी तालुका)

रामराम मंडळी. प्रश्न थोडा येडाच हाय पण पैजेवर गोष्ट गेली म्हणून इथं टाकून राह्यलो.

काल दिवसभर पाणी लागलं होतं, निंदण बंद, म्हणून आम्ही पाच-सहा जण पानठेल्यावर बसलो. आमच्या गावात एक म्हातारे हायेत, नानाजी म्हणतो आम्ही त्याईले, ७१ च्या लढाईच्या वक्ताले नवीनच फौजेत भरती झाले होते अन् लढाई संपल्यावर त्याईची ड्युटी जबलपूरकडं पाकिस्तानी कैद्याईच्या कॅम्पवर लागली. तर नानाजी म्हणे का कैदी पक्क्या बराकीत झोपत अन् आम्ही तंबूत, वरून कैद्याईले दर महिन्याले पगार भेटे, कॅन्टीनमधून साबण-बिडी घेत, अन् घरी चिठ्ठ्या बी लिहीत. आमचा सुध्या फसकन हसला, म्हणे नानाजी आज खर्रा जरा जास्तच घोटला वाट्टे, शत्रूले कोन पगार देते? झालं. दहा प्लेट आलूबोंड्याची पैज, तर्री मारून. मी नानाजीच्या बाजूनं हाय पण मले काही माहीत नाई, फक्त म्हाताऱ्याचा चेहरा पाहून बाजू घेतली.

दुसरी गोष्ट मस्करीची नाई. माह्या बहिणीचा पोरगा अग्निवीर झाला, कामठीले गार्ड्सच्या सेंटरमधे ट्रेनिंग झालं अन् आता वर बर्फात पोस्टिंग हाय. बहिणीले कोनीतरी सांगून ठेवलं का दुश्मनानं पकडलं अन् मंग सोडलं तरी आपलेच लोकं कोर्ट मार्शल करतात, धुळ्याकडच्या एका जवानाले तसंच झालं म्हणे. तेव्हापासून बाई रात्री फोन करते, दादा खरं हाय का, दादा खरं हाय का. आम्हाले कोर्ट मार्शल म्हंजे पिक्चरमधलं माहीत, खांद्यावरचे बिल्ले तोडले अन् संपलं. कोनी फौजेतलं किंवा वकील असन तं समजावून सांगा, गूगलवरचं चिपकवू नका, थे मले बी दिसते.

---

सुभेदार_रिटायर्ड (पुलगाव)

बंडूभाऊ, आलूबोंडा नानाजीले खाऊ घाला. पगाराची गोष्ट सोळा आणे खरी हाय.

१९४९ चा जिनिव्हा करार हाय, त्यातला तिसरा पूर्ण युद्धकैद्याईवरच हाय, १४३ कलमं. त्यात लिहून हाय का ज्याच्या ताब्यात कैदी हाय त्यानं दर महिन्याले आगाऊ पगार द्यायचा. साध्या शिपायाले ८ स्विस फ्रँक, हवालदार लोकाईले १२, मेजरच्या खालच्या अफसराले ५०, मेजर ते कर्नल ६० अन् जनरलले ७५. कॅम्पात कॅन्टीन पाह्यजेच. महिन्याले कमीत कमी २ चिठ्ठ्या अन् ४ कार्ड लिहू द्यायचे. तंबाखूची बी परवानगी हाय त्यात, खर्र्याचं नाव नाई पण भाव तोच. अफसराकडून जबरदस्तीनं काम करून घेता येत नाई, शिपायाकडून घेता येते पण लढाईचं काम नाई. अन् कैदी आपल्याले काय सांगायले बांधील? नाव, रँक, नंबर, जन्मतारीख. बस. त्याच्यावर एक शब्द सांगायला तुम्ही त्याले हात लावू शकत नाई.

आमच्या सेंटरले एक उस्ताद होते, ते रंगरुटाईले सांगत का कैदी म्हंजे कोंडवाड्यातलं ढोर. त्यानं चोरी नाई केली, फक्त बाहेर राह्यलं तं पीक खाईन म्हणून आत ठेवलं, चारा-पाणी द्या, मारू नका, मालक आला का सोडा. शिक्षा म्हणून नाई ठेवलं त्याले. हे एवढं डोक्यात बसलं तं बाकी सगळी कलमं आपोआप समजतात.

आता कोर्ट मार्शल. पिक्चर विसरा. फौजेत रोजची चूक कोर्टापर्यंत जातच नाई, सीओ साब म्हंजे पलटणीचे मुख्य अफसर, त्याईच्या समोर पेशी होते, टोपी अन् बेल्ट काढून आत घेऊन जातात, डावा-दाहिना करत, अन् जास्तीत जास्त २८ दिवसाची कैद. मी स्वतः एकदा गेलो हाय, सुट्टीवरून सहा दिवस लेट, बहिणीचं लग्न होतं अन् गावची एसटी नदीच्या पुरात अडकली, सीओ साबनं ऐकून घेतलं अन् तरी सात दिवस दिले. बरोबरच केलं, सगळेच पूर सांगतात.

त्याच्यावर चार कोर्ट हायत. समरी कोर्ट मार्शल म्हंजे एकटे सीओ साबच जज, बाजूले दोन जण बसतात पण त्याईले मत नसते, अन् हे फक्त हवालदारापर्यंतच्या लोकाईवर चालते, जेसीओ (सुभेदार-नायब सुभेदार) अन् अफसरावर नाई. लेफ्टनंट कर्नल सीओ असन तं १ वर्षापर्यंत जेल अन् वरून डिसमिस. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमधे कमीत कमी ३ अफसर, २ वर्षापर्यंत. जनरलमधे कमीत कमी ५ अफसर अन् कायदा सांगायले जज अॅडव्होकेट. चौथं समरी जनरल, ते लढाईच्या धामधुमीतलं, ३ अफसराचं. फाशीचं असन तं जनरलमधे दोन तृतीयांश अन् समरी जनरलमधे सगळेच मेंबर तयार पाह्यजेत. अन् एक गोष्ट मले फार आवडते, मत सांगताना सगळ्यात ज्युनियर मेंबर पह्यले बोलते, म्हंजे मोठ्या साबचं ऐकून मान डोलावता येत नाई. मत बरोबरीत गेलं तं फायदा आरोपीले. आमच्या ग्रामपंचायतीत असं केलं तं अर्धे ठराव पास होणार नाईत.

भाच्याचं वकील लोकं सांगतीन. मी एवढंच सांगतो, पकडल्या गेलं म्हणून कोनी कोर्ट मार्शल करत नाई.

---

गुराखी_७७ (मोर्शी)

सुभेदारसाहेब कोंडवाड्यातून ढोर सोडवायले दंड भरावा लागते, माह्या गोऱ्ह्याचे ३०० घेतले मागच्या महिन्यात 😄 पाकिस्तान्यानं ७१ ले किती भरले?

---

काळ्या_कोटातला (अमरावती)

वकिली करतो, फौजेतल्या दोन-तीन मुलांची कामं पाहिली आहेत त्यामुळे थोडं सांगू शकतो. बंडूभाऊ, बहिणीला खरं तेच सांगा, अर्धवट सांगून धीर दिला तर ती पुन्हा कोणाकडून तरी ऐकेल.

आर्मी ॲक्ट १९५० मध्ये कलम ३५ आहे. त्यात लिहिलंय की जो योग्य ती खबरदारी न घेतल्यामुळे, किंवा हुकूम मोडून, किंवा मुद्दाम कामचुकारपणा करून शत्रूच्या हाती सापडला, किंवा सापडल्यावर परत येणं शक्य असूनही आला नाही, त्याला १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे पकडला जाणं हा गुन्हा नाही, पण ज्या चुकीमुळे पकडला गेला ती चूक गुन्हा होऊ शकते. म्हणून सुटून आलेल्या प्रत्येकाची चौकशी होते, डॉक्टर तपासतात, काय विचारलं काय सांगितलं ते विचारतात. चौकशीला कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात, त्यात 'कोर्ट' शब्द आला की घरचे घाबरतात, पण ते कोर्ट नाहीच, पंचनाम्यासारखं समजा.

धुळ्याच्या जवानाचं असं की तो सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे गेला, २१ जानेवारी २०१७ ला वाघ्यावरून परत आला, आणि नंतर लष्करी कोर्टाने दोन-तीन महिन्यांची शिक्षा दिली ती न सांगता चौकी सोडल्याबद्दल. पलीकडे त्याचे हाल झाले म्हणून लोकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण शिक्षा पकडला गेल्याची नव्हती. उलट बाजूला बघा. कारगिलमध्ये २७ मे १९९९ ला हवाई दलाचे वैमानिक नचिकेता पकडले गेले, ३ जूनला सुटले. २०१९ ला अभिनंदन २७ फेब्रुवारीला पकडले गेले आणि १ मार्चला परत. दोघांनाही कोणी आरोपी केलं नाही, दोघंही परत विमानात बसले. आणि आर्मी ॲक्टमध्येच हेही आहे की जवान कैदेत असेल तर त्याच्या पगारातून घरच्यांची सोय करता येते. बहिणीला हे कलम आधी सांगा.

आता शत्रूचा कैदी आपल्या ताब्यात असेल आणि त्याने गुन्हा केला असेल तर? जिनिव्हा करार म्हणतो, ज्या कोर्टात तुम्ही तुमचा स्वतःचा सैनिक उभा केला असता त्याच कोर्टात, त्याच पद्धतीने, आणि तुमच्या सैनिकाला मिळाली असती त्यापेक्षा जास्त शिक्षा नाही. साधारणपणे लष्करी कोर्टच. वकील द्यायचा, दुभाषा द्यायचा, वकिलाला तयारीला किमान दोन आठवडे द्यायचे. फाशी झाली तरी कळवल्यापासून किमान ६ महिने अंमल नाही. हे सगळं आपल्याकडे नुसतं कागदावर नाही, १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट आहे आपला.

या विषयातला आपल्या देशातला सगळ्यात मोठा खटला म्हणजे लाल किल्ल्याचा, नोव्हेंबर १९४५. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल, गुरबक्षसिंग ढिल्लन. आधी ब्रिटिश फौजेचे अफसर, १९४२ ला सिंगापूर पडल्यावर जपान्यांचे युद्धकैदी, मग आझाद हिंद फौजेत. इंग्रजांनी जनरल कोर्ट मार्शल बसवलं, आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. त्यांचे वकील भुलाभाई देसाईंनी मांडलं की हे लोक एका हंगामी सरकारची रीतसर फौज म्हणून लढले, तेव्हा त्यांना इथल्या फौजदारी कायद्याने नाही, युद्धाच्या कायद्याने तोला. कोर्टाने ऐकलं नाही, जन्मठेप काळ्या पाण्याची दिली. पण देश इतका पेटला होता की सरसेनापती ऑकिनलेकने जानेवारी १९४६ मध्ये जन्मठेप माफ करून तिघांना सोडून दिलं, फक्त नोकरी आणि पगार गेला. लष्करी कोर्टाचा निकाल वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय पक्का होत नाही, हा नियम त्या दिवशी कामाला आला.

कुलभूषण जाधवांचं मात्र यात मिसळू नका. ते युद्धकैदी म्हणून नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने हेर ठरवून फाशी सुनावली, आपल्या वकिलातीच्या माणसाला भेटूसुद्धा दिलं नाही. आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेलो, वकिलातीच्या भेटीबद्दलच्या व्हिएन्ना कराराच्या आधारे, १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ ने निकाल, भेट द्या आणि निकालाचा फेरविचार करा. फाशी थांबली पण सुटका झाली नाही. बाजू मांडली ती आपल्या नागपूरच्या साळव्यांनी, १ रुपया फी घेऊन.

---

तुरीची_डाळ (वणी)

हे सगळं ठीक हाय पण आपण पगार द्यायचे, कॅन्टीन उघडायचे, अन् तिकडं आपल्या पोराईचे काय हाल करतात ते पाह्यलं ना सगळ्याईनं? २०१९ ले डोळ्यावर पट्टी बांधून, तोंडावर रक्त, व्हिडिओ काढून जगाले दाखवला. मंग आपणच काऊन शहाणपणा करावा? हे कायदे फक्त आपल्याचसाठी हायेत का? मले तं राग येते बॉ.

---

सुभेदार_रिटायर्ड (पुलगाव)

तुरीभाऊ राग मले बी आला होता, टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसलो होतो. कैद्याचा तमाशा करायचा नाई, लोकाईच्या कुतूहलापासून त्याले वाचवायचं, असं करारात कलम १३ मधे साफ लिहून हाय. सरकारनं त्याच दिवशी हाच आक्षेप घेतला. आता विचार करा, आपण स्वतः ७१ ले कैद्याईले गावोगाव फिरवून जोडे मारले असते तं २०१९ ले कोनत्या तोंडानं बोललो असतो?

दुसरं, फौजीच्या डोक्यानं सांगतो. समोरच्या खंदकातल्याले माहीत असन का हात वर केले तं जीव वाचते अन् जेवण भेटते, तं थो हात वर करते. मारतीनच असं वाटलं तं थो शेवटच्या गोळीपर्यंत लढते, अन् त्या गोळ्या आपल्या पोराईच्या अंगात जातात. ढाक्याले १६ डिसेंबर १९७१ ले पाकिस्तानी जनरल नियाझीनं शरणागतीवर सही केली तेव्हा सगळे मिळून ९३ हजार लोकं हातात आले, वर्दीवाले अन् सिव्हिलियन धरून. ढाक्यात गल्लोगल्ली लढाई झाली असती तं? हिशोब लावा. कैद्याले भात-डाळ स्वस्त पडते भाऊ.

अन् गुराखीभाऊ, दंड नाई भेटला. करारात तसं नाईच, कैदी ठेवायचा खर्च ठेवणाऱ्याचाच.

---

मास्तरीण_दर्यापूर

सगळे छान छान सांगताहेत, एक उलटी बाजू मी टाकते, रागावू नका. करारात कलम ११८ आहे, प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडा. ७१ ची लढाई १७ डिसेंबरला थांबली. जुलै ७२ मध्ये शिमला करार झाला तरी कैदी आपल्याकडेच. दिल्ली करार ऑगस्ट १९७३ मध्ये, त्यानंतर परत जायला सुरुवात, आणि नियाझी शेवटी गेला एप्रिल १९७४ मध्ये. सव्वादोन वर्षं. सुभेदारसाहेबांच्या कोंडवाड्याच्या हिशोबात मालक केव्हाचा दारात उभा होता.

आपल्या सरकारचं म्हणणं असं होतं की शरणागती भारत-बांगलादेश संयुक्त फौजेपुढे झाली, म्हणून बांगलादेशाच्या संमतीशिवाय सोडता येत नाही. आणि बांगलादेशाला १९५ जणांवर खटले चालवायचे होते, तिथे जे झालं ते इतकं भयंकर होतं की मागणी चूक म्हणवत नाही. पाकिस्तान मे १९७३ मध्ये हेगच्या कोर्टात गेला, आणि डिसेंबरमध्ये स्वतःच केस मागे घेतली कारण वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. शेवटी ९ एप्रिल १९७४ च्या तिघांच्या करारात ते १९५ सुद्धा सोडून दिले गेले. एकही खटला उभा राहिला नाही. माझ्या मते नववीच्या मुलांना ९३ हजारांचा आकडा जसा पाठ करून घेतो तसा हा १९५ चा आकडाही सांगायला हवा, कारण त्यांना बराकीत नीट ठेवलं हे बरोबरच होतं पण त्यांना कोर्टात उभं केलं नाही हे बरोबर होतं का, यावर मी अजून ठरवू शकले नाही. आमच्या घरी यावर माझं आणि मिस्टरांचं जेवताना भांडण झालं आहे, भाजी करपली.

आणि आपले ५४ जण, ७१ चे, जे पाकिस्तानच्या तुरुंगात राहिले असं घरच्यांचं म्हणणं आहे आणि पाकिस्तान नाही म्हणतो, त्यांचं नाव कोणी घेतलं नाही अजून या धाग्यात.

---

काळ्या_कोटातला (अमरावती)

मॅडम, ११८ चा मुद्दा मान्य. 'विनाविलंब' शब्दाला राजकारणात फार दम नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतरही काही देशांनी वर्षानुवर्षं कैदी ठेवून राबवून घेतले, त्यामुळेच ते कलम १९४९ मध्ये एवढं कडक लिहिलं गेलं.

एक राहिलं, पळून जाण्याबद्दल. बंडूभाऊ, भाच्याला ही गोष्ट सांगा, आवडेल त्याला. ७१ मध्ये पकडलेले आपले तीन वैमानिक, पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी, ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत फोडून पळाले. पार लंडी कोतलपर्यंत गेले, अफगाण सरहद्द हाकेवर. तिथे लंडी खानाचा रस्ता विचारला, आणि ते स्टेशन कधीच बंद पडलेलं, जुन्या नकाशाचा घोळ. पकडले गेले. पण फसलेल्या पलायनाला जिनिव्हा करारात गुन्हा धरतच नाहीत, फक्त शिस्तभंगाची शिक्षा, जास्तीत जास्त ३० दिवस. आणि पळून आपल्या फौजेत पोचला, पुन्हा कधी पकडला गेला, तर आधीच्या पळण्याची शिक्षाच नाही. सैनिकाने पळायचा प्रयत्न करावा हे कायद्यानेच गृहीत धरलंय.

---

मोहफूल (धानोरा, गडचिरोली)

आमच्याकडचा प्रश्न विचारू का. इकडं जंगलात चकमकी होतात, पकडलेले नक्षली युद्धकैदी होत नाहीत का? गावात एक जण वाद घालून राह्यला होता.

---

काळ्या_कोटातला (अमरावती)

नाही. युद्धकैद्याचा दर्जा दोन देशांच्या लढाईत. देशाच्या आतला सशस्त्र संघर्ष असेल तर चारही जिनिव्हा करारांत सारखं असलेलं फक्त तिसरं कलम लागतं, पकडलेल्याचा छळ नाही, रीतसर कोर्टाशिवाय शिक्षा नाही, जखमींना औषधपाणी. आपलं सरकार तिथं तेवढंही युद्ध मानत नाही, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न मानतं. म्हणून सी-६० ही नक्षलविरोधी तुकडी पोलिसांचीच आहे आणि खटला सेशन कोर्टात, लष्करी कोर्टाचा संबंध नाही.

उलटंही लक्षात ठेवा. फौजेतल्या माणसाने शांततेच्या काळात देशात एखाद्या सिव्हिलियनचा खून किंवा बलात्कार केला तर साधारणपणे कोर्ट मार्शल नाही, आपलं नेहमीचंच कोर्ट. आर्मी ॲक्टचं कलम ७०, यात ॲक्टिव्ह सर्व्हिस (लढाईच्या ड्युटीवर), देशाबाहेर वगैरे अपवाद आहेत. आणि कोर्ट मार्शलविरुद्ध २००९ पासून आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे. फक्त आपल्या महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईत. धानोऱ्याच्या माणसाने तारखेला मुंबई गाठायची म्हणजे जाणं-येणं अन् राहणं धरून अर्धं पेन्शन तिथेच.

---

वावरातला_बंड्या (आर्वी तालुका)

सगळ्याईचे लय आभार. मोबाईलवरून सगळं वाचून दाखवलं पानठेल्यावर. सुध्या म्हणे स्विस फ्रँक म्हंजे किती रुपये थे सांगा मंग मानीन, पण लोकाईनं त्याले उठवून भट्टीकडं पाठवला. दहाचे तेरा प्लेट झाले, मास्तरीणबाईचं भांडण वाचून दोन जण जास्तीचे येऊन बसले.

बहिणीले कलम ३५ बी सांगितलं अन् पगारवालं बी. थोडा वेळ चूप होती, मंग म्हणे त्याले फोनवर सांगजो चौकी सोडून कुठं जाऊ नको म्हणा, साबलोकाईले विचारूनच. म्हटलं बाई थो फौजेत हाय, सातवीत नाई.

नानाजीले ते चिठ्ठ्या-कार्डाचं वाचून दाखवलं तं म्हणे हो, कार्डं येत. एका कैद्याचा घरचा पत्ता उर्दूत होता म्हणून सेन्सरवाल्या साबकडं घेऊन जायचं काम त्याईचं, तेवढ्यात थो कैदी रोज विचारे, गया क्या, गया क्या. मी विचारलं मंग उत्तर आलं का त्याले? नानाजी म्हणे माहीत नाई, मी सुट्टीवर आलो होतो, तुहा काका झाला तेव्हा.